गुन्ह्याशिवाय फरार

संयोजकांनी पत्रिकेत आजचा विषय 'सिनेमातले पळणारे भाऊ आणि आपला इतिहास' असा छापला आहे. सिनेमा हा आमचा प्रांत नव्हे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले आणि उरलेल्या वेळात इतिहास वाचला. तरीही हा विषय घेतला, कारण 'फरार' या एका शब्दाने आम्हाला बरेच दिवस छळले आहे. आणि त्या शब्दाचा एक धागा आपल्या जालन्यातून, अगदी आपल्या रेल्वे रुळांवरून जातो.

'फरार' म्हणजे कोण? साधे उत्तर असे की ज्याने गुन्हा केला आणि जो पकडला जाऊ नये म्हणून पळाला तो. या व्याख्येत तीन गोष्टी गृहीत आहेत बघा. आधी गुन्हा, मग पाठलाग करणारा, मग पळणे. क्रम ठरलेला. आता आमचा प्रश्न असा की हा क्रम उलटा होऊ शकतो का? माणूस आधी पळाला, आणि पळाला म्हणूनच गुन्हेगार ठरला, असे घडते का? घडते. इतिहासात वारंवार घडले आहे, आणि ते बहुतेक गरिबांच्याच बाबतीत घडले आहे.

आधी सिनेमाकडे जाऊ. हिंदी सिनेमाने दोन भावांची गोष्ट आपल्याला पाठ करून दिली. 1961 चा 'गंगा जमना' घ्या. जमीनदाराच्या खोट्या आळामुळे एक भाऊ डाकूंत जातो, दुसरा पोलीस अधिकारी होतो. दोन्ही भूमिका दिलीपकुमार आणि नासिर खान या सख्ख्या भावांनीच केल्या होत्या. 1975 च्या 'दीवार'मध्ये हाच साचा मुंबईच्या गोदीत येतो. एक भाऊ गोदी कामगार, पुढे तस्कर. दुसरा इन्स्पेक्टर. मध्ये आई. म्हणजे काय, तर एका भावाच्या अंगावर गणवेश आणि दुसरा त्या गणवेशापुढे पळतो. कायदा आणि माया यांचा झगडा एकाच घरात लावून दिला, की तीन तास प्रेक्षक जागचा हलत नाही.

पण 'दीवार'मध्ये आणखी एक पळणारा आहे, त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. त्या भावांचा बाप. तो कामगारांचा पुढारी असतो. बायकामुलांच्या जिवाची धमकी देऊन मालक त्याच्याकडून कामगारांच्या विरोधातल्या कागदावर सही घेतो. ती लाज सहन न होऊन तो घर सोडतो आणि उरलेले आयुष्य रेल्वेच्या डब्यांतून फिरत काढतो. एका डब्यातच त्याचा शेवट होतो. त्याच्या मागे पोलीस नाही, वॉरंट नाही, कोणी शोधायलाही निघालेले नाही. आम्हाला विचाराल तर त्या चित्रपटातला खरा पळणारा कामगार तोच. पण कथेला तो पुरत नाही, कारण पाठलाग नसला की कथा हलत नाही.

आता 2025 साली आलेला 'होमबाउंड' बघा. दिग्दर्शक नीरज घायवान हैदराबादेत वाढलेले मराठी गृहस्थ. या चित्रपटातले दोन तरुण रक्ताचे भाऊ नाहीत, एक दलित आहे आणि एक मुसलमान, पण भावासारखे वाढलेले आहेत. त्यांचे स्वप्न काय, तर पोलीस शिपाई व्हायचे. का? गणवेश अंगावर आला की गावात कोणी जात विचारणार नाही, नाव ऐकून तोंड फिरवणार नाही. ते स्वप्न हुकते, आणि दोघे सुरतेच्या कापड गिरणीत मजुरीला जातात. मग टाळेबंदी येते. दोघे घराकडे निघतात, आणि एकजण वाटेत मरतो. ही कथा 2020 मधल्या खऱ्या घटनेवर बेतलेली आहे. पत्रकार बशारत पीर यांनी तिच्यावर लिहिले होते.

जुना साचा इथे मोडतो. दोघांनाही गणवेश हवा होता, मिळाला एकालाही नाही. दोघांनी काहीही केलेले नाही. तरी रस्त्यावर ते चोरासारखे चालतात. हा चित्रपट उदास आहे, जड आहे, अशी तक्रार आम्ही ऐकली. पण आपण जालन्याची माणसे. आपल्याला तरी तो जड वाटू नये. आपण त्याहून जड गोष्ट आपल्या वेशीवर पाहिली आहे.

ती गोष्ट सांगण्याआधी आपल्या जिल्ह्याचा स्वभाव सांगायला हवा. जालन्याला जुनी माणसे 'सोने का पालना' म्हणत. आज इथे भंगार वितळवून सळई बनवणारे कारखाने आहेत, आणि त्यांच्या भट्ट्यांपुढे उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातली मुले उभी असतात. त्याच वेळी अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर, भोकरदन इकडची आपली माणसे दिवाळी झाली की कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात, नाहीतर पुण्या-मुंबईला. बाहेरचा मजूर आत येतो, आतला बाहेर जातो. एकाच जिल्ह्यात दोन्ही प्रवाह. असे का, याचे उत्तर अर्थशास्त्रज्ञ देतील. आम्हाला दिसते ते इतकेच, की परक्या जागी हलवलेला मजूर मालकाला सोपा पडतो. त्याला शेजार नसतो, रेशन नसते, मत नसते.

आणि आपल्या भाषेत एक वाक्प्रयोग आहे: 'सालगडी पळाला.' लहानपणापासून ऐकलेला. सालगडी पाडव्याला ठरतो, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. आधी उचल घेतो, मग ती फेडत राबतो. मधेच सोडून गेला तर तो 'काम सोडून गेला' असे कोणी म्हणत नाही, 'पळाला' म्हणतात. ऊसतोडीतही तेच. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडी फडावरून निघून गेली तर 'कोयता पळाला'. बघा, भाषेनेच निकाल देऊन टाकला. नोकरदार राजीनामा देतो, प्राध्यापक निवृत्त होतो, मजूर मात्र पळतो.

हे नुसते गावठी बोलणे नाही, त्याला कायद्याचा जुना आधार आहे. इंग्रजांनी 1859 साली एक कायदा केला, त्या वर्षीचा तेरावा. आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे. त्याने पैसे परत करावेत नाहीतर कामावर जावे, आणि हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. मालकाने करार मोडला तर तो दिवाणी मामला, मजुराने मोडला तर तुरुंग. हा कायदा रद्द व्हायला 1925 साल उजाडले. वेठबिगारी बंद करणारा कायदा तर 1976 चा. कायदे गेले, शब्द राहिला.

आता 2020. टाळेबंदी 25 मार्चला सुरू झाली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. सालगड्याचे वर्ष ज्या दिवशी उजाडते, त्याच दिवशी देशातल्या मजुराला सांगण्यात आले की जिथे आहेस तिथेच थांब. 29 मार्चला केंद्राने राज्यांना हुकूम दिला: सीमा बंद करा, मजुरांची ये-जा थांबवा, जे निघाले त्यांना अलग ठेवा. त्याच हुकमात मालकांनी पगार कापू नये, घरमालकांनी भाडे मागू नये, असेही होते. पहिला भाग रस्त्यावरच्या पोलिसाकडे काठी होती म्हणून अमलात आला. दुसऱ्या भागासाठी कोणाच्या हातात काठी होती?

आपले ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर, पालांत अडकले. त्यांना परतायची परवानगी मिळायला एप्रिलचा मध्य उलटला. परराज्यातल्या मजुरांना 29 एप्रिलला परवानगी मिळाली आणि 1 मेपासून श्रमिक गाड्या सुटू लागल्या. पण गाडीत बसायचे तर नोंदणी हवी, पास हवा. कर्नाटकात तर 5 मे रोजी बांधकाम व्यावसायिकांबरोबर बैठक झाली आणि मजुरांच्या गाड्या थांबवण्याचा निर्णय झाला. टीका झाली तेव्हा सरकारने तो फिरवला. मजूर गेला तर इमारती कोण बांधणार, ही चिंता उघड बोलून दाखवली गेली.

7 मेच्या संध्याकाळी जालन्यातल्या एका पोलाद कारखान्यातले 20 मजूर पायी निघाले. मध्य प्रदेशातल्या शहडोल, उमरिया या भागातले, बरेचसे गोंड आदिवासी, बहुतेक विशी-तिशीतले. त्यांत सख्खे भाऊही होते. गावी जाण्यासाठी पासचा अर्ज आठवडाभरापूर्वी केला होता, उत्तर आले नाही, असे त्यांच्यातल्या वाचलेल्यांनी नंतर सांगितले. भुसावळला गाडी मिळेल अशी आशा होती. भुसावळ दीडशे किलोमीटरच्या पुढे. बदनापूरपर्यंत ते रस्त्याने गेले, आणि तिथून रुळांवर आले.

रुळांवर का? हा प्रश्न तेव्हा सगळीकडे विचारला गेला. त्या दिवसांत देशभर पायी निघालेल्यांचे गणित सरळ होते. रस्त्यावर नाकाबंदी, पोलीस परत पाठवणार. शिवाय रूळ म्हणजे नकाशा. वाट चुकत नाही, कोणाला विचारावे लागत नाही. प्रवासी गाड्या बंद होत्या, म्हणजे रेल्वेच बंद आहे असा समज. मालगाड्या मात्र चालू होत्या.

35-40 किलोमीटर चालून झाल्यावर, बदनापूर आणि करमाड या स्थानकांच्या दरम्यान, ते थकून बसले आणि बसल्या जागी झोपले. 8 मेच्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास रिकाम्या टँकरांची मालगाडी आली. चालकाने पाहिले, हॉर्न वाजवला, ब्रेक लावला; गाडी थांबली नाही. 16 जण गेले. रुळांवर भाकरी-पोळ्या विखुरलेल्या राहिल्या, ते छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. जी रेल्वे त्यांना जिवंतपणी मिळाली नाही, त्याच रेल्वेने त्यांचे देह जबलपूरकडे गेले.

मित्रहो, इथे भावनेच्या भरात थांबून चालणार नाही. कायद्याच्या नजरेने ते 20 जण त्या रात्री कोण होते ते पाहू. रस्त्यावर चालत होते तेव्हा ते आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचा आदेश मोडत होते. कलम 51 खाली तो गुन्हा. रुळांवर आले तेव्हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली अनधिकार प्रवेश, तोही गुन्हा. म्हणजे घराकडे जायला त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्हीवर ते गुन्हेगार होते. घरी जाणे हा गुन्हा कोणत्याच पुस्तकात लिहिलेला नव्हता. पण घरी जाण्याची प्रत्येक वाट गुन्हा होती. आम्ही 'गुन्ह्याशिवाय फरार' म्हणतो ते यालाच.

ही आमची अतिशयोक्ती नव्हे. 9 जून 2020 रोजी खुद्द सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले की टाळेबंदी मोडून चाललेल्या मजुरांवर कलम 51 आणि इतर कलमांखाली दाखल झालेल्या तक्रारी मागे घेण्याचा विचार करा. तक्रारी होत्या, म्हणूनच मागे घ्यायला सांगितले ना?

हा प्रकार जुना आहे. महाराष्ट्राने 13 मार्च 2020 ला जो साथरोग कायदा लागू केला, तो 1897 चा. चारच कलमांचा, एवढासा कायदा. तिसरे कलम सांगते, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा. चौथे सांगते, चांगल्या हेतूने काम केलेल्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही. तो का आला? सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला, आणि मुंबई पळू लागली. फेब्रुवारी 1897 पर्यंत साडेआठ लाखांच्या शहरातली निम्म्याच्या आसपास माणसे निघून गेली होती. गिरण्यांचे मागे उभे राहिले. तेव्हा नाक्यानाक्यावर मजुरांसाठी गिरण्यांमध्ये बोली लागली, रोजच्या रोज पगार द्यावा लागला. ज्याला काल 'पळाला' म्हणत होते, त्याच्या पळण्यामुळेच त्याची किंमत कळली.

त्याच साथीतून एक प्रसिद्ध पलायन घडले. पुण्यात रँडच्या प्लेग बंदोबस्ताने लोक जेरीस आले. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. कीर्तनकाराची मुले, घर ओढगस्तीचे. दामोदर सापडला, बाळकृष्ण फरार झाला आणि निजामाच्या मुलखात लपून राहिला. आपले जालनाही तेव्हा निजामाच्याच मुलखात. पुढे तिघे भाऊ फाशी गेले. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी 1979 साली त्यांच्यावर '22 जून 1897' हा चित्रपट केला. संयत, कोरडा, जयजयकार टाळणारा. जरूर पाहावा.

आता तुलना करा. प्लेगमध्ये पळालेली लाखो माणसे आणि पळालेला एक बाळकृष्ण. इतिहासाने बाळकृष्णाला लक्षात ठेवले, कारण त्याच्या मागे पोलीस होते. पोलीस मागे असले की कागद तयार होतो. जबाब, वॉरंट, खटला, निकाल. लाखांच्या मागे कागद नाही, म्हणून त्यांच्यात भाऊ किती होते, कोण कोणाला खांद्यावर घेऊन घाट चढला, हे आपल्याला माहीत नाही. इतिहास बराचसा पाठलाग करणाऱ्याच्या दप्तरात सापडतो, ही आमच्या अभ्यासातली कडू गोष्ट आहे. 2020 मध्ये तरी वेगळे झाले का? सप्टेंबरमध्ये संसदेत प्रश्न आला की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले. सरकारचे उत्तर होते, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा तेव्हा लागू होता, कंत्राटदाराने नोंदवही ठेवणे त्याखाली बंधनकारक होते. नोंदवह्या असत्या, तर निदान कोण निघाले हे कळले असते.

जगात हे इतरत्रही झाले. 1930 च्या दशकात अमेरिकेत धुळीच्या वादळांनी आणि मंदीने उठवलेली कुटुंबे कॅलिफोर्नियाकडे निघाली. स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी 1939 ची, जॉन फोर्डचा चित्रपट 1940 चा. त्या राज्यात निर्धन माणसाला बाहेरून आणणे हा गुन्हा होता. एडवर्ड्स नावाच्या माणसाने आपल्या बायकोच्या बेकार भावाला टेक्सासहून गाडीत घालून आणले, आणि त्याला शिक्षा झाली. 1941 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. मेहुण्याला घरी आणणे गुन्हा नाही, हे ठरवायला देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले!

आपल्या संविधानात तर कलम 19 आहे. देशभर मुक्तपणे फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क. सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी बंधने घालता येतात, हेही तिथेच आहे. साथीत बंधने घातली म्हणून आम्ही सरकारला दोष देत नाही. रोग थांबवायला माणसे थांबवावी लागतात. पण थांबायला जागा लागते, शिधा लागतो, मजुरी लागते. ज्याला घर आहे त्याच्यासाठी 'घरी थांबा' हा सल्ला होता. ज्याचे घर हजार किलोमीटरवर आहे त्याच्यासाठी तेच शब्द कैद होती.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो प्रामाणिक आहे. 'पण त्यांना रुळांवर झोपायला कोणी सांगितले होते?' 15 मे 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयातही याच अर्थाचे बोलले गेले, की लोक चालत निघाले तर ते कसे थांबवणार, आणि कोणी रुळांवरच झोपले तर कोण काय करणार. न्यायालयाने पुढे दहा-अकरा दिवसांतच स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली, हेही सांगितले पाहिजे.

या आक्षेपाला अॅरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. तो एक उदाहरण देतो. वादळात जहाज सापडले आणि खलाशांनी माल समुद्रात फेकला. हे त्यांनी स्वेच्छेने केले की नाईलाजाने? अॅरिस्टॉटल म्हणतो, ही मिश्र कृती आहे. हात त्यांचेच होते, त्या क्षणी त्यांनी निवडही केली. पण शहाणा माणूस शांत समुद्रात माल फेकत नाही. म्हणून अशा कृतीचा न्याय करताना फक्त हात बघू नका, वादळही बघा.

त्या 20 जणांचे चालणे आणि झोपणे ही अशीच मिश्र कृती होती. पाय त्यांचे होते, हे खरे. पण बंद पडलेले काम, न मिळालेला पास, नाकाबंदीचा रस्ता, हे वादळ त्यांचे नव्हते. आणि मित्रहो, समुद्रातले वादळ निसर्ग करतो. हे वादळ आदेशांचे होते, तारखांचे होते, त्याखाली सह्या होत्या. खलाशाला विचारायचे की माल का फेकलास, आणि वादळ करणाऱ्याला काहीच विचारायचे नाही, हा न्याय नव्हे.

मग आपण काय करावे? मोठी भाषा आम्हाला जमत नाही. दोन साध्या गोष्टी सांगतो. पहिली, जालन्याने हा इतिहास स्वतः लिहून ठेवावा. 2020 च्या उन्हाळ्यात इथल्या भट्ट्यांवरून कोण निघाले, कसे निघाले, कोणत्या वस्तीने त्यांना पाणी दिले, कोणत्या गावाने वेस बंद केली, हे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. महाविद्यालयातल्या मुलांनी वही घेऊन जावे आणि विचारावे. पोलिसांच्या कागदात जे नाही ते तुमच्या वहीत येईल. आपल्या ऊसतोड कामगारांच्या आठवणीही त्याच वहीत याव्यात, कारण आपण इथे आलेल्या मजुराचे यजमान आहोत आणि तिकडे गेलेल्या मजुराचे भाऊ. दोन्ही बाजू आपल्याइतक्या जवळून फार थोड्यांना दिसतात.

दुसरी गोष्ट शब्दांची. मजूर काम सोडून गेला तर 'गेला' म्हणा. 'पळाला' म्हणू नका. ज्याच्या डोक्यावर चोरीचा आळ नाही, ज्याने फक्त घराची वाट धरली, त्याला पळपुटा ठरवणारा शब्द आपण रोज वापरत राहिलो, तर पुढची साथ येईल तेव्हा नाक्यावरचा पोलीसही तोच शब्द वापरील, आणि त्याचे चुकले असे म्हणायचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

इथे आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.